गाभा आणि कवच

केळीचे खोड ज्यांनी कधी सोलून पाहिले आहे, त्यांना आजचा विषय फारसा परका वाटू नये. बाहेरून ते खोड एखाद्या भरीव खांबासारखे दिसते. पण सोलू लागले की एकाखाली एक अशी सोपटे निघत जातात आणि अगदी आत पांढराशुभ्र, ओलसर गाभा हाती लागतो. हा गाभा उघडा ठेवला तर घटकाभरात काळवंडू लागतो. सोपटांच्या आत होता तोवर त्याला काही झाले नव्हते. आज मी ज्या तारांविषयी आपल्याशी बोलणार आहे, त्यांनाही असाच गाभा असतो, त्यांच्याभोवतीही अशीच सोपटे असतात. आणि नवलाची गोष्ट ही की, सोपटे नसली तर त्यांचाही गाभा काळवंडतो, म्हणजे त्याच्यातला प्रकाश मालवतो.

या तारांना 'नॅनोतारा' असे नाव आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. असले आकडे कानांवर पडले की मन ते नुसते ऐकून घेते. त्याचे चित्र काही डोळ्यांपुढे उभे राहत नाही. म्हणून जरा ओळखीचे माप घेऊ. माणसाच्या डोक्यावरचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड धरला, तर १०० नॅनोमीटर जाडीच्या आठशे तारा शेजारी शेजारी मांडाव्यात, तेव्हा कोठे त्या केसाची रुंदी भरून निघेल. लांबी जाडीहून पुष्कळ अधिक, म्हणजे काही हजार नॅनोमीटर असते. साध्या डोळ्यांना अर्थात यातले काहीच दिसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेले अशा तारांचे चित्र मी प्रथम पाहिले, तेव्हा मला कणसे धरलेल्या ज्वारीच्या रानाची आठवण झाली. सरळसोट उभी ताटे, आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर एकेक गोल मणी. तो मणी सोन्याचा असतो. तो तेथे कसा आला हे पुढे सांगतो.

आणखी एक माप आताच सांगून ठेवले पाहिजे. हिरव्या प्रकाशाच्या लहरीची लांबी पाचशे-सव्वापाचशे नॅनोमीटर असते. म्हणजे या तारा प्रकाशाच्या लहरीहूनही बारीक. आपण रोज ज्या वस्तू पाहतो, त्या लहरीच्या मानाने अवाढव्य असतात. त्यांच्यावर प्रकाश पडतो, परततो, सावली पडते, आणि शाळेत शिकलेले किरणांचे नियम तेथे निमूट चालतात. तारेपाशी आल्यावर ते नियम लटके पडतात.

या तारा तांब्यापितळेच्या नसतात. त्या अर्धवाहकांच्या असतात. धातूतून वीज मोकळेपणी वाहते, काचेतून मुळीच वाहत नाही. या दोहोंच्या मधली जी जात, ती अर्धवाहकांची. सिलिकॉन सर्वांच्या ऐकण्यातला आहे. आपल्या देशाचा या पदार्थांशी संबंध जुना आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा विद्युत्-लहरी ओळखण्यासाठी उपयोग केला, आणि त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. अर्धवाहकापासून बनविलेल्या उपकरणाचे ते पहिले पेटंट मानले जाते.

अर्धवाहकाचा प्रकाशाशी व्यवहार असा चालतो. प्रकाश आत शिरला की एखादा इलेक्ट्रॉन आपली बांधलेली जागा सोडून वरच्या पायरीवर जातो आणि मागे त्याची रिकामी जागा, एक पोकळी, राहते. काही वेळाने इलेक्ट्रॉन पुन्हा पोकळीत येऊन पडतो आणि उतरताना आपली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने परत करतो. पायरी जेवढी उंच, तेवढा प्रकाश निळ्याच्या बाजूचा. गॅलियम आर्सेनाइड हा गॅलियम आणि आर्सेनिक यांचा संयुग घ्या. आर्सेनिक म्हणजे आपल्या सोमलातले मूलद्रव्य. या संयुगाचा प्रकाश सुमारे ८७० नॅनोमीटर लहरींचा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. गॅलियम नायट्राइडचा ३६५ नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्याच्या अलीकडचा, तोही अदृश्यच. या दोन टोकांच्या मध्ये मिश्रणे करून हवा तो रंग मिळविण्याची युक्ती साधली आहे. सिलिकॉन मात्र या बाबतीत अगदी मुखदुर्बळ. साऱ्या संगणकांचा भार त्याच्यावर. पण प्रकाश दे म्हटले की तो ऊर्जेची उष्णता करून टाकतो. त्याची ही खोड का, आणि ती मोडता येते काय, याकडे मी शेवटी येणार आहे.

आता तो सोन्याचा मणी. १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॅग्नर आणि एलिस या दोघांनी सिलिकॉनच्या स्फटिकाचे बारीक केस कसे वाढतात याचा उलगडा केला. सोने वितळते १०६४ अंशांना आणि सिलिकॉन १४१४ अंशांना. पण दोघांना एकत्र आणले की त्यांचे मिश्रण अवघ्या ३६३ अंशांना पातळ होते. सिलिकॉनच्या पाटावर सोन्याचा सूक्ष्म कण ठेवून तापविले की त्याचा असा थेंब होतो. वरून सिलिकॉनयुक्त वायू सोडला की थेंब त्यातला सिलिकॉन पिऊ लागतो. पिता पिता तो तृप्त होतो आणि जास्तीचा सिलिकॉन खालच्या बाजूने स्फटिक करून टाकू लागतो. गाढ पाकात दोरा सोडून खडीसाखर करतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की, येथे पाकाचा थेंब स्वतःच घडविलेल्या स्फटिकाच्या डोक्यावर बसून वर वर जातो. थेंब जेवढा रुंद तेवढी तार जाड. वाढ पुरे झाली आणि थंड केले की थेंब गोठून मणी होतो. अलीकडे सोन्यावाचूनही तारा वाढवितात, कारण सोन्याचे अणू सिलिकॉनमध्ये शिरले तर त्याच्या विद्युत्-गुणांची नासाडी करतात. तरीही ही मूळ युक्ती ज्या सहजतेने चालते, तिचे मला अजूनही कौतुक वाटते.

बारीक तार करता आली, येथवर ठीक. पण तिच्यातून प्रकाश घ्यायला जावे तर निराशाच पदरी येते. त्याचे कारण तिचे अंग. एखादी कांडी जितकी बारीक करावी, तितके तिच्या आतल्या द्रव्याच्या मानाने बाहेरचे पृष्ठ वाढत जाते. एक मिलिमीटर जाडीच्या कांडीशी तुलना केली तर १०० नॅनोमीटरच्या तारेत हे प्रमाण दहा हजार पटींनी अधिक भरते. तार म्हणजे जवळजवळ सगळी कातडीच. आणि कातडीपाशी अणूंची स्थिती चमत्कारिक असते. आत प्रत्येक अणूचे चारही हात चार शेजाऱ्यांच्या हातांत गुंतलेले असतात. पृष्ठावरच्या अणूला बाहेरच्या बाजूला शेजारीच नसतो. त्याचा हात मोकळा राहतो. भटकणारा इलेक्ट्रॉन तेथे आला की त्या मोकळ्या हातात सापडतो, पोकळीही तेथेच येते, आणि दोघांचा संयोग प्रकाशाविना उरकला जातो. ऊर्जा उष्णतेत जिरून जाते.

सर्वच अर्धवाहकांचे अंग सारखेच घातक असते असे नव्हे. इंडियम फॉस्फाइड या बाबतीत पुष्कळ सौम्य. गॅलियम आर्सेनाइड मात्र कुप्रसिद्ध. ठोकळ्याच्या आत असताना ज्या इलेक्ट्रॉनला प्रकाश देण्यासाठी नॅनोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागांची, सवड मिळते, तो उघड्या बारीक तारेत सेकंदाच्या काही लक्ष-कोटीव्या भागांतच पृष्ठावर जाऊन बळी पडतो. शेकडो इलेक्ट्रॉनांत एखादाच प्रकाश देऊन जातो. शास्त्रज्ञांनी एवढ्या कष्टाने वाढविलेली तार, तिच्यावर लेसरचा झोत सोडावा, आणि तिने जवळजवळ अंधारच परत करावा, असा हा मामला होता.

त्यावरचा उपाय म्हणजे सोपट. गाभ्याभोवती दुसऱ्या अर्धवाहकाचे कवच असे चढवायचे की, गाभ्यावरच्या प्रत्येक मोकळ्या हाताला पलीकडे धरायला एक हात मिळावा. वरून नुसता लेप देऊन हे साधत नाही. दोन्ही पदार्थांच्या अणूंमधली अंतरे जुळली पाहिजेत, म्हणजे स्फटिक सांधा न पडता आतून बाहेर तसाच चालू राहील. गॅलियम आर्सेनाइडला या कामी एक उत्तम सोबती मिळाला आहे. त्यातल्या काही गॅलियमच्या जागी ॲल्युमिनियम घातले की जो पदार्थ होतो, त्याची अणुरचना मूळच्याशी हजारात एक-दीड भागाचा फरक सोडला तर तंतोतंत जुळते. शिवाय त्याची पायरी अधिक उंच असते. त्यामुळे गाभ्यातला इलेक्ट्रॉन ती भिंत ओलांडून कवचात जाऊ शकत नाही. बाहेरच्या खऱ्या पृष्ठापर्यंत तो पोचतच नाही.

स्फटिकाचे असे गाभा-कवच चढविण्याची रीत २००२ साली हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स लीबर यांच्या प्रयोगशाळेने सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या तारांवर दाखवून दिली. युक्ती ऐकायला सोपी आहे. तार उंच वाढत असते तोवर सर्व द्रव्य शेंड्यावरच्या थेंबातून येते. मग तापमान आणि वायू असे बदलायचे की, द्रव्य थेंबात न जाता सरळ तारेच्या अंगावर बसू लागावे. उंची थांबते, घेर वाढू लागतो. वायू बदलला की नवे सोपट सुरू.

गॅलियम आर्सेनाइडच्या तारेवर ॲल्युमिनियमयुक्त सोपट चढविले आणि काम झाले, असे मात्र नाही. ॲल्युमिनियम हवेतल्या प्राणवायूला फार लवकर बळी पडते. ते गंजले की कवच खराब होते. म्हणून त्याच्यावर पुन्हा गॅलियम आर्सेनाइडचेच एक पातळ तिसरे सोपट घालतात. आत गाभा, त्याचे रक्षण करणारे कवच, आणि कवचाचे रक्षण करणारा अंगरखा. असा बंदोबस्त केल्यावर इलेक्ट्रॉनचे आयुष्य पुन्हा नॅनोसेकंदाच्या घरात येते. पूर्वी अंधार देणारी तार आता उजळते.

आणि नुसती उजळत नाही. २०१३ साली कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी आणि म्युनिच येथील तांत्रिक विद्यापीठ, अशा दोन ठिकाणी गॅलियम आर्सेनाइडच्या एकेकट्या तारेपासून नेहमीच्या तापमानाला लेसर प्रकाश मिळाला. कॅनबेराच्या संशोधनामागे चेन्नुपाटी जगदीश हे आपल्याकडचे शास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म आंध्र प्रदेशातल्या एका खेड्यात झाला, डॉक्टरेट त्यांनी दिल्ली विद्यापीठातून मिळविली, आणि १९९० साली ते कॅनबेराला गेले. लहानपणी आपण रॉकेलच्या दिव्यासमोर अभ्यास करीत होतो, हे त्यांनी सांगितलेले आहे. मला स्वतःला शास्त्रज्ञांच्या चरित्रांतले असे योगायोग फार ओढून ताणून सांगणे आवडत नाही. पण हा सांगितल्यावाचून राहवत नाही, एवढे खरे.

तारेत लेसर कसा होतो, हे समजण्यासाठी तंबोरा आठवावा. दोन टोकांना आवळलेली तार छेडली की तिच्यावर वाटेल ती लहर टिकत नाही. लांबीत नेमकी बसेल तीच टिकते. आपल्या नॅनोतारेत हे काम प्रकाशाच्या लहरीला करावे लागते. तिची दोन्ही टोके स्फटिकाची असल्याने मुळातच सपाट असतात. गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक सुमारे साडेतीन, म्हणून आतून टोकाशी आलेल्या प्रकाशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा परत फिरतो. बाकीच्या मोठ्या लेसरांत दोन टोकांना मुद्दाम आरसे बसवावे लागतात. येथे तार स्वतःच आरसा, स्वतःच पोकळी आणि स्वतःच दिव्याची वात असते. प्रकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे येरझारा घालतो, प्रत्येक खेपेला वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना आपल्याबरोबर उतरावयास लावतो, आणि एका मर्यादेनंतर सारे इलेक्ट्रॉन जणू एका सुरात उतरू लागतात. मात्र यासाठी तार काहीशे नॅनोमीटर तरी जाड लागते. फारच बारीक असली तर लहर आत मावत नाही, बाहेर सांडते. झिंक ऑक्साइडच्या तारांतून असा लेसर प्रकाश बर्कले येथे पेइडाँग यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ सालीच मिळविला होता. झिंक ऑक्साइडचे अंग एवढे घातक नसते, म्हणून त्यांना कवचाची गरज पडली नाही. गॅलियम आर्सेनाइडला पुढची बारा वर्षे थांबावे लागले, ते केवळ त्याच्या कातडीमुळे.

सोपटांचा आणखी एक सुंदर उपयोग २००८ साली हार्वर्डच्याच मंडळींनी केला. त्यांनी गॅलियम नायट्राइडच्या गाभ्याभोवती इंडियम मिसळलेल्या नायट्राइडची आणि साध्या नायट्राइडची अशी एकाआड एक, अतिशय पातळ सोपटे चढविली. प्रकाश निर्माण होतो तो इंडियमच्या सोपटांत, आणि त्याला येरझारा घालावयास जागा देतो तो गाभा. इंडियमचे प्रमाण बदलले की रंग बदलतो. गाभ्याला हात लावावा लागत नाही. अशा रीतीने त्यांनी ३६५ पासून ४९४ नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे जांभळ्याच्या अलीकडून निळ्या-हिरव्यापर्यंत, लेसर प्रकाश मिळविला.

आता तार प्रकाशाच्या लहरीहून बारीक आहे, या मघाच्या गोष्टीकडे वळू. सिलिकॉन आपल्याला करड्या रंगाचा म्हणून माहीत आहे. पण त्याच्याच उभ्या तारा ९० पासून १४० नॅनोमीटरपर्यंत वेगवेगळ्या जाडीच्या केल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर कोणी तांबडी दिसते, कोणी निळी, कोणी हिरवी. रंगद्रव्य कोठेच नाही. ज्या जाडीला जी लहर जुळते ती आत ओढली जाते आणि उरलेली परत येते, एवढेच. मोरपिसाच्या रंगामागेही रंगद्रव्यापेक्षा अशा सूक्ष्म बांधणीचाच वाटा मोठा असतो.

दुसरी गंमत दिशेची. प्रकाशलहरीत विजेचे कंपन एका विशिष्ट दिशेने होत असते. हे कंपन तारेच्या लांबीच्या दिशेने असेल तर ते बिनबोभाट आत जाते. तारेला आडवे असेल तर तारेच्या अंगावर जमणारे विद्युत्-भार त्याला रोखून धरतात. इंडियम फॉस्फाइडच्या तारेसाठी हिशेब केला तर आडव्या कंपनाची प्रखरता आत जाईपर्यंत सुमारे पंचेचाळीसाव्या हिश्शावर येते. २००१ साली लीबर यांच्या प्रयोगशाळेने प्रत्यक्ष मोजमाप केले ते या हिशेबाशी जुळले. त्यामुळे अशी एकच तार प्रकाशाची दिशा ओळखणारा डोळा होऊ शकते. आपल्या डोळ्यांना ही विद्या नाही. मधमाशीला ती आहे.

उपयोगांची गोष्ट निघाली की कोणीही पहिला प्रश्न सूर्याच्या विजेचा विचारतो, आणि तो रास्तच आहे. येथे थरांची मांडणी दोन तऱ्हांनी करतात. एक केळीच्या सोपटांसारखी, गाभ्याभोवती. दुसरी उसाच्या पेरांसारखी, एकावर एक. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या मंडळींनी २०१३ साली इंडियम फॉस्फाइडच्या तारांचे दुसऱ्या तऱ्हेचे सौरघट केले. तारांची जाडी १८० नॅनोमीटर. एका चौरस मिलिमीटरात अशा चाळीस लाखांहून अधिक तारा. तरीही त्यांनी व्यापलेली जागा एकूण क्षेत्राच्या अवघी १२ टक्के होती. बाकीचे रान मोकळे. किरणांच्या नियमांनी पाहिले तर ८८ टक्के प्रकाश मधल्या जागेतून निसटून जायला हवा होता. प्रत्यक्षात इंडियम फॉस्फाइडला पचण्याजोग्या सूर्यप्रकाशापैकी ७१ टक्क्यांची वीज झाली, म्हणजे किरणांच्या हिशेबाच्या सहापट. तारा आपल्या जाडीपेक्षा कितीतरी दूरवरचा प्रकाश आपल्याकडे ओढून घेत होत्या. घटाची एकूण कार्यक्षमता १३.८ टक्के आली. इंडियम ही दुर्मीळ धातू आहे, हे लक्षात घेतले म्हणजे थोडक्या द्रव्यात एवढा प्रकाश पकडण्याचे मोल कळते.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. त्याच वर्षी कोपनहेगन आणि लोझान येथील संशोधकांनी गॅलियम आर्सेनाइडची एकच उभी तार घेऊन तिची 'भासमान' कार्यक्षमता ४० टक्के असल्याचे दाखविले. आकडा ऐकून वृत्तपत्रांचे डोळे दिपणे साहजिक होते. पण हा हिशेब केवळ तारेच्या स्वतःच्या सावलीएवढ्या क्षेत्रावर केलेला होता, आणि प्रकाश तर तिने आजूबाजूच्या मोठ्या जागेतून गोळा केला होता. विहिरीत भोवतालच्या रानाचे पाणी पाझरते. त्या पाण्याला विहिरीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागून कोणी पावसाचे मान काढू लागला तर त्याच्या गावी फारच पाऊस पडतो असे वाटेल. संशोधकांनी स्वतः 'भासमान' हा शब्द प्रामाणिकपणे वापरला होता. शेजारी शेजारी तारा उभ्या केल्या की प्रत्येकीच्या वाट्याला येणारे रान लहान होते, आणि आकडा खाली येतो. तारेचे गुण खरे आहेत; पण छपरावर तावदाने बसवू इच्छिणाऱ्या गृहस्थाने तारेच्या सावलीचा हिशेब आपल्या छपराला लावू नये.

माझ्या मते या तारांची खरी कसोटी अन्यत्र आहे, आणि त्यासाठी सिलिकॉनच्या मुखदुर्बळपणाकडे परत गेले पाहिजे. समुद्राखालून आणि देशभर संदेश काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने धावतात. पण संगणकाच्या आत आल्यावर त्यांना विजेचे रूप घेऊन धातूच्या सूक्ष्म वाटांनी जावे लागते. या वाटा तापतात. संगणकांची जी मोठाली कोठारे आता उभी राहत आहेत, तेथील विजेचा बराच भाग असा नुसत्या ने-आणीवर आणि मग थंडाव्यावर खर्च होतो. सिलिकॉनच्याच पाटावर प्रकाशाचे स्रोत उभे करता आले तर ही उष्णता पुष्कळ टळेल. गॅलियम आर्सेनाइड सिलिकॉनवर सरळ पसरता येत नाही, कारण अणूंच्या अंतरांत चार टक्क्यांची तफावत आहे. मोठा थर घातला की स्फटिकाला तडे जातात. पण तारेचा पाया एवढा चिमुकला असतो की, ती आपले अंग थोडे सैल सोडून ही तफावत जिरवून टाकते. म्हणून सिलिकॉनवर उभी केलेली तार हा एक मार्ग झाला.

दुसरा मार्ग अधिक धाडसी. सिलिकॉनलाच प्रकाश द्यावयास शिकवायचे. इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांची भेट होताना ऊर्जेबरोबर गतीचाही मेळ बसावा लागतो. सिलिकॉनमध्ये ती दोघे जणू वेगवेगळ्या वेगांनी धावणाऱ्या गाड्यांत बसलेली असतात. हातात हात येत नाही. हा वेग ठरतो अणूंच्या रचनेवरून. फळवाला मोसंब्यांचा ढीग रचतो तेव्हा पहिल्या थराच्या खळग्यांत दुसरा थर बसवितो. तिसरा थर पहिल्याच्या नेमका डोक्यावर ठेवायचा की आणखी सरकवून ठेवायचा, हे दोन पर्याय त्याला असतात. नेहमीचा सिलिकॉन सरकवून रचलेला. पण सिलिकॉन आणि जर्मेनियम यांचे, जर्मेनियम अधिक असलेले मिश्रण जर पहिल्या तऱ्हेने, म्हणजे डोक्यावर डोके येईल असे रचता आले, तर दोन्ही गाड्यांचा वेग एक होतो, हे गणिताने सांगितले होते. अडचण एवढीच की, ते तसे रचून घ्यायला तयार नसते.

हॉलंडमधील आइंडहोवन विद्यापीठात एरिक बॅकर्स यांच्या मंडळींनी तारेचा आधार घेतला. गॅलियम आर्सेनाइडची तार योग्य रीतीने वाढविली तर ती डोक्यावर डोके अशी रचलेली मिळू शकते. अशा तारेचा गाभा घेऊन त्यांनी त्याच्याभोवती सिलिकॉन-जर्मेनियमचे सोपट वाढविले. बाहेरच्या अणूंना आतल्यांच्या ओळीत बसण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. सोपटाने गाभ्याचे वळण उचलले. २०२० साली या सोपटातून भरपूर प्रकाश बाहेर पडत असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. हा प्रकाश अवरक्त आहे, दिव्यासारखा दिसणारा नव्हे. आतापर्यंत सांगितलेल्या साऱ्या प्रयोगांत कवच गाभ्यासाठी होते. येथे गाभा कवचासाठी खपला, आणि ज्या पदार्थावर प्रकाशाच्या बाबतीत सर्वांनी पाणी सोडले होते त्याच्या कुळातला एक जण उजळला.

अडचणी संपल्या असे मात्र समजू नये. २०१३ च्या दोन्ही लेसरांत, आणि आइंडहोवनच्या प्रयोगातही, तारेतल्या इलेक्ट्रॉनांना वर चढविण्यासाठी बाहेरून दुसऱ्या लेसरचा झोत सोडलेला होता. दिवा पेटविण्यासाठी दुसरा पेटता दिवा लागावा, असे हे झाले. खरा उपयोग व्हायचा तर तारेला विजेने पेटविता आले पाहिजे. कॅडमियम सल्फाइडच्या तारेत ते २००३ साली साधले. पण सोपटांच्या तारेत निराळीच पंचाईत होते. जे कवच आतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर जाऊ देत नाही, तेच बाहेरच्या विजेलाही आत येऊ देत नाही. २००७ साली हार्वर्डमध्ये सिलिकॉनच्या अशाच एका सोपटांच्या तारेचा सौरघट करण्यात आला. त्याची कार्यक्षमता ३.४ टक्क्यांपर्यंत, आणि एका तारेची वीज वॅटच्या पाचशे कोटीव्या भागापर्यंत भरली. ती वीज बाहेर काढण्यासाठी तारेच्या एका टोकाची सोपटे रासायनिक द्रवाने विरघळवून गाभा उघडा केला आणि त्याच्यावर धातूची एक पट्टी बसविली. उरलेल्या लांबीवर कवच तसेच राहू देऊन दुसरी पट्टी कवचावर बसविली. घरी येणारा वायरमन जोडणीपूर्वी चाकूने तारेवरचे आवरण तासतो, त्याच जातीचे हे काम. येथे तासायचे असते ते काही नॅनोमीटर, आणि हात थोडा जास्त चालला की गाभाच जातो.